टाच थोरल्याची, चवडा धाकट्याचा

नामदेवदादांच्या अंगणातल्या भेगेत मी माझी स्टीलची पट्टी सोडली, तर ती न धरता उभी राहिली. भेग ओट्यापासून दोन पावलांवर होती आणि दरडीच्या कडेला समांतर गेली होती. अशी भेग म्हणजे जमिनीने दिलेली नोटीस असते. कडेचा पट्टा मागच्या जमिनीपासून सुटू लागलेला असतो. पावसाचं पाणी आत शिरलं की तो खाली जातो, आणि इथे त्या पट्ट्याच्या मागे ओटा होता, ओट्याच्या मागे घर.

कडेवरून खाली वाकून पाहिलं तर जनार्दनशेठ आपल्या नव्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभे होते.

“मॅडम, वरचा काय बोलतो?” त्यांनी खालून विचारलं.

वरचा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. ते माझ्या मागेच बाजेवर बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं.

“त्या खालच्याला सांगा,” नामदेवदादा मला म्हणाले, “वरचा काय बोलत नाय.”

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट. इमारती, टाक्या, भिंती उभ्या राहतील एवढं बघणं माझं काम; त्या दिसतील कशा ते आर्किटेक्ट बघतो. घर खांदा कॉलनीत, ऑफिस जुन्या पनवेलमध्ये. पळस्प्याच्या पुढे गोवा हायवेवरून आत गेलं की टेकडीच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथली ही गोष्ट. विमानतळ येणार येणार अशा बातम्यांनी जागांचे भाव तेव्हा चढायला लागले होते आणि माणसं वीतभर जमिनीकडेही संशयाने बघू लागली होती.

बापाची एकच उतरती जागा. वरच्या टप्प्यावर थोरल्याचं कौलारू घर, खालच्या टप्प्यावर धाकट्याचा बंगला, मधे मातीचा उतार आणि उतारावर करवंदीच्या जाळ्या. दोघांमध्ये कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, म्हणून ते इथे सोडून देते.

तर जनार्दनशेठच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं. आगरी घरातली हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण. लग्नाला माणसं जेवायला येतात, हळदीला नाचायला. अंगण लहान पडणार म्हणून शेठनी थंडीत जेसीबी बोलावला आणि मधला उतार खरवसाची वडी कापावी तसा सरळ उभा कापून काढला. अगदी हद्दीच्या खुणेपर्यंत. अंगण दुप्पट झालं. दोन पुरुष उंचीची उघडी दरड मागे उभी राहिली, आणि तिच्या डोक्यावर भावाचं घर.

त्यांच्या डोक्यात एक कंपाऊंडसारखी भिंत होती. नऊ इंच विटा, वर गिलावा, त्यावर पिवळा रंग. सुदैवाने त्यांनी ते काम अन्वरभाईंना सांगितलं. अन्वरभाई पनवेलचे कॉन्ट्रॅक्टर, माझ्याबरोबर पुष्कळ कामं केलेले. त्यांनी सरळ सांगितलं, “शेठ, मॅडमचं ड्रॉइंग आणा. ही जिम्मेदारी मी अंगावर घेणार नाय.”

म्हणून शेठ माझ्या ऑफिसात आले. मी त्यांना सांगितलं की कंपाऊंडच्या भिंतीला फक्त वारा ढकलतो, तोही कधीमधी. मातीला टेकलेल्या भिंतीला माती रात्रंदिवस ढकलत असते आणि तिला सुट्टी नसते. अशा भिंतीला आम्ही रिटेनिंग वॉल म्हणतो, माती धरून ठेवणारी भिंत. ती एकतर पालथी पडते, नाहीतर पुढे सरकते, किंवा पाया मऊ असेल तर रुतते. या तिन्ही गोष्टी होणार नाहीत अशा बेताने तिचा पाया आखावा लागतो.

माझ्या टेबलावर पुस्तकांच्या रांगेला आधार द्यायचा पत्र्याचा काटकोन होता. मी तो रिकाम्या टेबलावर उभा करून बोटाने ढकलला. तो पडला. मग त्याच्या आडव्या पत्र्यावर बांधकामाच्या नियमांची दोन जाड पुस्तकं ठेवली आणि त्याच बोटाने ढकललं. तो हलला नाही. भिंतही अशीच, मी म्हटलं. तिचा आडवा पाया मागे मातीखाली जातो, त्याला टाच म्हणायची. पुढे जातो तो चवडा. टाचेवर जी माती बसते तिच्याच वजनाने भिंत उभी राहते.

शेठनी पुस्तकं काढली, ढकललं, परत ठेवली, परत ढकललं. माणूस हुशार. काटकोनाकडे बघत म्हणाले, “म्हंजे वरच्याची माती माझी भिंत धरनार?”

“हो.”

“आनि त्याच्या जागंत खनायला लागनार?”

“चार फूट.”

“मंग तुमीच जा त्याच्याकडं. मी नाय जानार.”

अशी मी नामदेवदादांच्या अंगणात पोचले होते. त्यांना मी भेग दाखवली, पावसाळ्यात काय होईल ते सांगितलं. त्यांना ते माझ्याआधीच कळलेलं होतं. रात्री झोप लागत नाही, म्हणाले. तरी टाच घालू द्यायला मात्र ते तयार नव्हते.

“बाई, आज जमिनीखाली टाच घालील, उद्या वर कुंपन घालील,” ते म्हणाले. “बोलंल, माझी भिंत हितपर्यंत हाय, तर जागापन माझीच.”

मला त्यांचा राग आला, पण ते चुकत होते असं काही म्हणता येईना. तेव्हाच्या त्या भागात अशा टाचा मी पाहिल्या होत्या, काँक्रीटच्याही आणि वकिलांच्याही. गुलाबवहिनी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि भेग ओलांडून पलीकडे गेली. रोजच्या सवयीने ओलांडतात तशी. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

मग टाच कमी करून चवडा वाढवायचा, म्हणजे भिंतीचा पाया जास्त धाकट्याच्या अंगणात घ्यायचा, असा मी हिशेब मांडला. जमत होतं. हद्दीच्या रेषेवर भिंत, मागे आखूड टाच, पुढे लांब चवडा. शेठ सगळं ऐकून घेत होते, फक्त ईशान्येच्या कोपऱ्याशी आले आणि अडले.

तिथे मुहूर्तमेढ रोवायची होती. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, पूजा करून मुहूर्तावर रोवतात तो. त्या कोपऱ्यात खडक वर आलेला, त्यामुळे चवडा जमिनीखाली जेमतेम वीतभर बसणार. मेढीला खड्डा कुठे खणायचा?

“सिमिटात कोन मेढ लावतं?” शेठ म्हणाले. “मेढ मातीत पायजे. पोरीचं लगीन हाय.”

मी म्हटलं, दुसऱ्या कोपऱ्यात रोवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवरदेवच बदलायला सांगितला होता.

एव्हाना होळी झाली होती. वर टाच नको, खाली चवडा नको, आणि मधे दरड पावसाची वाट बघत उभी. मातीचा दाब काढायची सूत्रं माझ्याकडे होती, भावाभावातल्या दाबाचं कोणी शिकवलं नव्हतं. मी घरी नवऱ्यावर चिडचिड केली. तो बँकेत. तो म्हणाला, दोघांनाही आपण काय गमावतोय तेवढंच सांगतेयस तू. काय मिळतंय ते सांग.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा काटकोन आणि दोन पुस्तकं पिशवीत टाकून मी परत वर गेले. नामदेवदादांच्या ओट्यावर तोच खेळ मांडला. त्यांना स्वतःला ढकलायला लावलं. मग म्हटलं, “दादा, ही पुस्तकं म्हणजे तुमची माती. भिंत हद्दीवर, अर्धी तुमची, अर्धी त्यांची. टाच तुमच्या जमिनीत, म्हणजे ती तुमची. चवडा त्यांच्या जमिनीत, तो त्यांचा. आता पुस्तकं उचलून बघा.”

त्यांनी उचलली. काटकोन आडवा झाला.

“म्हंजे माझी माती काढली तर त्याची भिंत पडनार?”

“पडणार. तुमचं घरही पडेल, पण भिंत आधी पडेल.”

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

“म्हंजे ती भिंत माझ्या जोरावर उभी ऱ्हानार.”

“पूर्णपणे तुमच्या जोरावर.”

“मंग खना,” नामदेवदादा म्हणाले.

गंमत म्हणजे यात मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात हेच लिहिलेलं असतं, फक्त भाऊ म्हणून कोणी वाचत नाही.

धाकट्याचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. चवड्याचं काँक्रीट ओतताना ईशान्येच्या कोपऱ्यात, सळ्यांच्या मधे, एक रुंद पाइप उभा सोडायचा आणि आजूबाजूला जास्तीच्या सळ्या टाकायच्या. काँक्रीटमधून खाली जमिनीपर्यंत भोक राहील, त्यात माती भरा, मेढ मातीत. अन्वरभाईंनी ड्रॉइंग बघून विचारलं, हा पाइप ड्रेनेजचा का? मी म्हटलं, लग्नाचा. त्यांनी ड्रॉइंगची घडी केली आणि “या अल्ला” एवढंच म्हणाले.

आता खरं कठीण काम होतं. टाच घालायची तर भावाच्या घराच्या दिशेने आणखी आत खणायचं, म्हणजे भिंत होईपर्यंत धोका कमी होत नाही, वाढतो. म्हणून सगळी दरड एकदम उघडायची नाही. भिंतीच्या लांबीचे तुकडे, म्हणजे गाळे, पाडायचे आणि ते एक आड एक घ्यायचे. एक गाळा खणायचा, मातीला फळ्या आणि बल्ल्यांचा टेका द्यायचा, पाया आणि भिंत ओतायची, ती तयार झाली की मागे भराव करायचा, मगच शेजारच्याला हात लावायचा. हे सांगायला सोपं आणि करायला जिवावर येतं, कारण दर वेळी जेसीबीवाला म्हणतो की एका दिवसात सगळं मोकळं करून देतो.

अंगणातल्या भेगेवर जागोजाग मी काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवून घेतल्या होत्या. काच अजिबात ताणत नाही. भेग जराशी जरी सरकली तरी ती तडकते, म्हणून आम्ही तिला पहारेकरी ठेवतो. गुलाबवहिनीला मी हे समजावून सांगितलं होतं आणि माझा मोबाईल नंबर दिला होता.

कडेचे गाळे नीट झाले. घराच्या बरोबर समोरचा मधला गाळा खणायला घेतला त्या सकाळी फोन आला.

“मॅडम, तुमची काच फुटली,” वहिनी म्हणाली. “मी नाय फोडली.”

मी पोचले तोवर अन्वरभाईंनी काम थांबवून बल्ल्या वाढवल्या होत्या. भेग केसभर वाढली होती. केसभरच, पण घरासमोर. मी सांगितलं की या गाळ्यात भिंत होऊन मागे भराव पडेपर्यंत घर रिकामं करायचं. आत्ता, लगेच.

खाली जनार्दनशेठ माझ्याकडे बघत, पण वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझी खालची खोली मोकली हाय.”

“मी हितं मरन,” नामदेवदादा मला म्हणाले, “पन त्याच्या ओट्यावर पाय नाय ठेवनार.”

गुलाबवहिनी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेवर काठवट होती आणि काठवटीत तवा, कालथा, पिठाचा डबा.

“तुमी बसा मरत,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी चालली. लग्नाच्या पापड्या लाटायच्या हायत, आनि ती बिचारी एकटीच लाटते.”

ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघींचं बोलणं कधी बंदच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. भावांना ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. वहिनी पायवाटेने खाली उतरली, बंगल्याच्या मागच्या दाराने आत गेली, आणि कोणी दार दाखवायची गरज पडली नाही.

नामदेवदादा ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिले. मी त्यांना सोडून जायला तयार नव्हते आणि खाली कोणी खणायला तयार नव्हतं. मग खालून तांदळाच्या भाकरीचा आणि सुकटीचा वास वर आला. ते उठले, आपली बाज उचलली, डोक्यावर घेतली आणि उतरू लागले. भावाच्या अंगणात गेले, पण भावाच्या बाजेवर बसले नाहीत. स्वतःची टाकली, तिच्यावर बसले. जेवण तिथेच आलं.

ती बाज मग तिथेच राहिली. गाळा खणला, सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं, सगळं त्यांनी बाजेवरून पाहिलं. भराव करायची वेळ आली तेव्हा तर त्यांनी अन्वरभाईंना नको नको करून सोडलं. भिंतीच्या पाठीशी आधी दगडगोटे भरतात, म्हणजे पाणी मातीत न तुंबता खाली उतरतं आणि भिंतीत सोडलेल्या पाइपांतून बाहेर जातं. दगड कमी दिसले की नामदेवदादा ओरडत, “नीट भर रे, माझी माती बसायची हाय त्याच्यावर.” इतका कडक सुपरवायझर मला पुढे कुठल्याच साइटवर मिळाला नाही.

शेठची शेवटची तक्रार त्या पाइपांवर होती. पिवळ्या भिंतीत ती भोकं हळदीच्या फोटोत वाईट दिसतील, म्हणून सिमेंटने बुजवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मातीचा दाब भिंत सोसेल. मागे पाणी तुंबलं तर दाब दुपटीवर जाईल, आणि तो मी हिशेबात धरलेला नाही. झेंडूच्या माळा सोडा, भोकं झाकतील, बुजणार नाहीत. त्यांना ते पटलं. तोरणवाल्याला त्यांनी तसं मोजमापच दिलं.

मुहूर्तमेढीला मला आमंत्रण होतं. पाइप दाखवायला कोणीतरी हवं ना. ब्राह्मण आला, आंब्याच्या डहाळ्या बांधलेला खांब आला, आणि पाइपात भरायला जनार्दनशेठनी नर्सरीतून आणलेल्या लाल मातीची गोणी आली. मेढ घरातल्या वडीलधाऱ्याने रोवायची असते. शेठ उगाच गोणीची दोरी सोडत होते.

नामदेवदादा बाजेवरून उठले आणि चालत निघून गेले, वर, आपल्या घराकडे. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात. थोड्या वेळाने ते उतरले ते डोक्यावर घमेलं घेऊन. घमेल्यात त्यांच्या अंगणातली माती होती. टाच घालताना खणलेल्यातली उरलेली, ओट्याशेजारी ढीग करून ठेवलेली. त्यांनी नर्सरीची गोणी पायाने बाजूला केली, मेढ पाइपात उभी केली आणि पहिल्यांदा सरळ भावाकडे पाहिलं.

“धर नीट,” ते म्हणाले.

जनार्दनशेठनी दोन्ही हातांनी मेढ धरली. नामदेवदादांनी ओंजळीओंजळीने माती भरली आणि टाचेने दाबली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला एकोणीस मजल्यांची इमारत पुरी झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

हळद कशी झाली ते विचारू नका. बँजो पार्टीपुढे अख्खं गाव त्या भिंतीला पाठ लावून नाचलं. मी नाचले नाही, कारण माझं लक्ष भिंतीकडे होतं. धंद्याची खोड.

जुलैच्या मध्यावर मुसळधार पाऊस लागला तेव्हा पुन्हा वहिनीचा फोन. भिंतीतून पाणी येतंय, सगळ्या भोकांतून, धार लागली आहे, काय करू? मी म्हटलं, काही करू नका, यायलाच हवं. थांबलं तर कळवा. तरी मन राहीना म्हणून दुसऱ्या दिवशी गेलेच. वरचं घर होतं तिथेच होतं. भेग सिमेंट भरून बुजवलेली, तिच्यावर मी लावायला सांगितलेली नवी काच, आणि काच अखंड. खाली बंगल्याच्या पडवीत बाज होती. एका टोकाला नामदेवदादा, दुसऱ्या टोकाला जनार्दनशेठ. बोलत नव्हते. पण पाऊस बघायला बोलावं लागत नाही.

“बाई,” नामदेवदादांनी मला हाक मारली, “ह्याला परत एकदा सांगा, भिंत कोनाच्या जोरावर उभी हाय ती.”

मी सांगितलं. जनार्दनशेठनी कपाळाला हात लावला. त्या पावसाळ्यात त्यांनी ते रोज ऐकलं असणार.

त्यानंतर मी पनवेल-उरण पट्ट्यात बऱ्याच रिटेनिंग वॉल केल्या. क्लायंट आला की सगळे इंजिनिअर आधी सॉइल रिपोर्ट, म्हणजे मातीच्या तपासणीचा कागद, मागतात. मीही मागते, पण नंतर. आधी विचारते, वर कोण राहतं, आणि तुमचं त्यांच्याशी बोलणं आहे का?